डन्फर्मलिनचें बाळपण

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो हिच्या उत्तरेस फोर्थ नांवाची रुंद खाडी आहे. ती ओलांडून पलीकडच्या फाइफ परगण्यांत थोडे मैल गेलें म्हणजे उंचवट्यावर वसलेलें डन्फर्मलिन लागतें. २०२२ सालीं त्यास शहराचा दर्जा मिळाला; परंतु येथें ज्या दिवसांची हकीकत सांगावयाची आहे त्या दिवसांत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत, तें हातमागांच्या खडखडाटानें भरलेलें एक लहानसें गांव होतें. गांव लहान, पण त्याचा अभिमान मोठा. कारण एके काळीं स्कॉटलंडचे राजे येथें राहत. त्यांच्या वाड्याच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, आणि त्यांना लागूनच ॲबी, म्हणजे जुना मठ व त्याचें चर्च आहे. इंग्रजांचा पराभव करून देशाचें स्वातंत्र्य राखणारा राजा रॉबर्ट ब्रूस या चर्चमध्यें चिरनिद्रा घेत आहे. १८१८ सालीं चर्चच्या पुनर्बांधणीचें काम चालू असतां त्याची कबर सांपडली. तेव्हां नव्या मनोऱ्याच्या माथ्यावर चारी बाजूंनीं त्याचें नांव मोठमोठ्या दगडी अक्षरांत बसविण्यांत आलें. गांवांतल्या कोणत्याहि पोरानें मान वर केली कीं त्याला आपल्या राजाचें नांव वाचतां येई. अक्षरओळख इतक्या थाटानें क्वचितच कोणाची होत असेल.

याच गांवांत २५ नोव्हेंबर १८३५ रोजीं अँड्र्यू कार्नेगीचा जन्म झाला. अमेरिकेंत जाऊन त्यानें पोलादाचा केवढा कारभार उभारला, १९०१ सालीं तो विकून जगांतील अत्यंत धनाढ्य पुरुषांत तो कसा गणला गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. वयाच्या तेराव्या वर्षापूर्वीं या मुलानें काय पाहिलें, काय ऐकलें आणि काय गमावलें, ही कथा मात्र तितकीशी कोणी सांगत नाहीं. त्याचें आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १९२० सालीं, प्रसिद्ध झालें. त्यांत पोलादाचे व्यवहार सांगतांना त्याची लेखणी भरभर धांवते आणि डन्फर्मलिनचा विषय निघाला कीं पाय ओढूं लागते.

मूडी स्ट्रीट आणि प्रायरी लेन या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक बुटकें दगडी घर आहे. खालीं वडिलांचा माग आणि वर माळ्याच्या खोलींत संसार, अशी त्या घराची वांटणी होती. वडील विल्यम कार्नेगी हे डमास्क विणीत. डमास्क म्हणजे जवसाच्या धाग्याचें, विणींतच वेलबुट्टी उठविलेलें तलम कापड. श्रीमंतांच्या जेवणाच्या टेबलांवर अंथरण्यासाठीं तें दूरदूरच्या देशीं जाई. विणणाराच्या स्वतःच्या टेबलावर तें कशाला दिसेल? पैठणी विणणाराच्या घरीं तरी पैठणी किती वेळां नेसली जाते!

पण हा विणकर म्हणजे गिरणीचा मजूर नव्हे. माग घरचा, वेळ आपली, आणि हात गुंतलेले असले तरी डोकें मोकळें. धोट्याच्या ये-जा बरोबर राजकारणाचा आणि धर्माचा खल चाले. शेजारीपाजारीं वर्तमानपत्र आलें कीं एकानें वाचावें व दहांनीं ऐकावें असा परिपाठ असे. विल्यम कार्नेगी व त्यांचे सोबती अशा पांच विणकरांनीं आपापलीं पुस्तकें एकत्र केलीं आणि गांवांतलें पहिलें वाचनालय सुरू केलें. ही लहानशी गोष्ट पुढें फार मोठी व्हावयाची होती. भरभराटीच्या दिवसांत विल्यमजवळ चार माग व हाताखालीं शिकाऊ उमेदवार होते, आणि कुटुंब मूडी स्ट्रीट सोडून अधिक मोठ्या घरांत राहावयास गेलें होतें.

मुलाच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटविला तो मात्र त्याच्या मावशीच्या यजमानांनीं. जॉर्ज लॉडर यांचें हाय स्ट्रीटवर किराणा मालाचें दुकान होतें. पत्नी वारल्यावर आपला एकुलता मुलगा आणि हा भाचा यांच्या संगतींत त्यांनीं आपलें दुःख विसरण्याचा प्रयत्न केला. दोघे मुलगे भावांपेक्षांहि जवळचे झाले. एकाला कार्नेगी म्हणतां येईना म्हणून तो ‘नेग’ म्हणे, दुसऱ्याला जॉर्ज म्हणतां येईना म्हणून तो ‘डॉड’ म्हणे. आणि दोघांचे केस पिकले तरी हीं नांवें सुटलीं नाहींत. लॉडरकाकांची शिकविण्याची रीत मोठी मौजेची होती. इंग्लंडचा इतिहास शिकवितांना ते एकेका राजाला खोलींतली एकेक जागा नेमून देत. जॉन राजा चुलीवरच्या फळीपाशीं बसून मॅग्ना कार्टावर सही करतो आहे, व्हिक्टोरिया राणी दाराच्या मागें मुलांना मांडीवर घेऊन बसली आहे, अशी ती सगळी राजसभा त्या दुकानदाराच्या खोलींत भरे. कार्नेगी म्हातारा झाला तरी जॉन राजा त्याच्या डोळ्यांपुढून त्या चुलीवरून हालला नाहीं! शिक्षणशास्त्राचीं जाडीं पुस्तकें लिहिणारांनीं या किराणा दुकानदाराकडे एकवार पाहण्यासारखें आहे.

इंग्लंडचे राजे असे भिंतीला टेकून बसत. परंतु स्कॉटलंडचे वीर भिंतीवर राहत नसत, ते मुलांच्या अंगांत संचार करीत. वॉलेस, ब्रूस, बर्न्स यांच्या कथा व कविता ऐकतां ऐकतां रात्र होई. मग काकांच्या दुकानापासून घरीं जावयास दोन वाटा असत. एक मे गेट नांवाच्या रस्त्यानें. तिथें दिवे असत. दुसरी ॲबीच्या कबरस्तानाजवळून. तिथें काळोख आणि भुताखेतांची वदंता. “आज कोणत्या वाटेनें?” असें काका विचारीत. लहानगा नेग मनांत म्हणे, वॉलेस कोणत्या वाटेनें गेला असता? आणि छाती धडधडत असतां अंधारांतून, मनोऱ्याच्या सावलींतून, घराकडे निघे. दिव्याच्या वाटेनें आपण एकदांहि गेलों नाहीं, याचा अभिमान त्याला शेवटपर्यंत वाटे. कोट्यवधि डॉलर मिळविल्याचा सुद्धां एवढ्या निर्मळ रीतीनें वाटला नसावा.

शाळेची गोष्ट थोडी निराळी. मूल आपण होऊन मागेल तेव्हांच त्यास शाळेंत घालूं, असें आईबापांनीं वचन दिलें होतें. पोर आठ वर्षांचें होत आलें तरी मागेना! अखेर त्यांनीं शाळामास्तर रॉबर्ट मार्टिन यांच्या कानावर ही अडचण घातली. मास्तरांनीं एके दिवशीं शाळासोबत्यांबरोबर त्याला सहलीला नेलें, आणि थोड्याच दिवसांत पोरगा स्वतःच शाळेची परवानगी मागूं लागला. पुढें शाळा त्याला इतकी आवडली कीं उशीर झाला तर त्याचा जीव खालीं-वर होई. उशीर तर होत असेच. कारण सकाळीं मूडी स्ट्रीटच्या वरच्या टोंकाच्या विहिरीवरून घरचें पाणी भरण्याचें काम त्याच्याकडे होतें. पाणी बेताचें. शेजारच्या म्हाताऱ्या बाया आदल्या रात्रींच आपले रिकामे डबे रांगेंत मांडून जात आणि सकाळीं सावकाश येऊन नंबर सांगत. रिकाम्या डब्यांचा हा हक्क या पोराला मुळींच मान्य नव्हता. त्यावरून रोज सकाळीं तंटा होई, आणि आळींत त्याची ‘भयंकर कार्टें’ अशी ख्याति झाली. नळावरच्या भांडणांशीं ज्या घरांचा परिचय आहे त्यांना हें चित्र परकें वाटूं नये.

याच शाळेंत त्याला पहिली कमाई झाली. बर्न्सची एक लांबलचक कविता न अडखळतां म्हणून दाखविल्याबद्दल मास्तरांनीं त्याच्या हातावर एक पेनी ठेवली. आणि घरीं सशांचा कारखाना निघाला. वडिलांनीं सशांसाठीं खुराडें करून दिलें होतें. सशांना पाला आणण्याचें काम आळींतल्या मुलांवर सोंपविण्यांत आलें, आणि मजुरी काय, तर ज्या मुलानें पाला आणला त्याचें नांव एखाद्या पिल्लाला द्यावयाचें! सगळा हंगाम पोरें आनंदानें गवत उपटीत होतीं. मोठेपणीं कार्नेगीला ही युक्ति सांगतांना हंसूं येई व थोडी लाजहि वाटे. पण माणसांना राबविण्याची कला त्याला येथेंच प्रथम सांपडली, हें तो कबूल करी.

हा काळ गरिबांना शांततेचा नव्हता. प्रत्येक प्रौढ पुरुषास मत, गुप्त मतदान वगैरे मागण्यांसाठीं चार्टिस्टांची चळवळ देशभर पेटली होती, आणि डन्फर्मलिनचे विणकर तींत आघाडीवर होते. आईचे वडील टॉमस मॉरिसन हे चांभारकी करीत व जहाल राजकारण लिहीत आणि बोलत. त्यांचाच वारसा मामाकडे आला. १८४२ सालीं एका रात्रीं मागच्या खिडकीवर टकटक झाली आणि घर जागें झालें. बंदी मोडून सभा भरविली म्हणून मामाला तुरुंगांत टाकल्याची बातमी माणसें घेऊन आलीं होतीं. तुरुंगाभोंवतीं लोक जमले. ते दार फोडतात कीं काय असें अधिकाऱ्यांना भय वाटलें, आणि त्यांनीं कैद्यालाच मध्यस्थी करावयास विनविलें. मामा खिडकीशीं आला. आपल्या कार्याचे जे मित्र असतील त्यांनीं हाताची घडी घालावी, असें त्यानें सांगितलें. सर्वांनीं हाताची घडी घातली. मग त्यानें त्यांना शांतपणें घरीं जावयास सांगितलें, आणि गर्दी पांगली. सहा वर्षांच्या मुलाला मताधिकार म्हणजे काय हें कळलें नसेल, पण तुरुंगांत गेलेला मनुष्य थोर असूं शकतो हें त्याला त्या रात्रीं कळलें. ही गोष्ट हिंदुस्थानांतल्या एका पिढीच्या मुलांनाहि तशीच कळली होती.

या मॉरिसन घराण्याच्या हट्टी स्वभावापायीं मुलाला एक शिक्षा मात्र भोगावी लागली. ॲबीला लागूनच पिटनक्रीफ नांवाची मोठी वनराजी आहे. दाट झाडी, खोल घळींतून वाहणारा ओढा, आणि स्कॉटलंडचा प्राचीन राजा माल्कम याच्या बुरुजाचे अवशेष. गांवाच्या इतिहासाचें मूळ स्थानच तें. परंतु ही सारी जागा एका जमीनदाराच्या मालकीची होती. ॲबीच्या आवारांतल्या व वाड्याच्या अवशेषांवरच्या हक्कांसाठीं गांवकऱ्यांनीं जमीनदाराशीं जो झगडा मांडला, त्यांत आजोबा पुढें होते व मागाहून मामाहि होता. जमीनदारानें त्याचा सूड असा उगविला कीं, वर्षांतून एक दिवस बाग गांवाला खुली होई तेव्हांहि कोणत्याहि मॉरिसनास आंत सोडावयाचें नाहीं. आई मॉरिसनांची म्हणून मुलगाहि मॉरिसनांचाच. त्या दिवशीं बाकीचीं मुलें फाटकांतून हुंदडत आंत जात, आणि नेग व डॉड बाहेर उभे राहत. भिंतीवरून झाडांचे शेंडे तेवढे दिसत. स्वर्ग हा शब्द कानीं पडला कीं आपल्या डोळ्यांपुढें पिटनक्रीफ येई, असें कार्नेगी सांगे.

एवढ्यांत वाफ आली. १८४७ च्या सुमारास डन्फर्मलिनमध्यें वाफेच्या यंत्रावर चालणारे माग सुरू झाले, आणि घरोघरचे हातमाग एकामागून एक थांबूं लागले. विल्यमचे चार माग होते त्यांचे तीन, दोन, एक असे होत गेले. कुटुंब पुन्हां मूडी स्ट्रीटच्या लहान जागेंत आलें. विणलेलें कापड घेऊन वडील व्यापाऱ्याकडे जात, आणि नवें काम मिळतें कीं नाहीं या चिंतेंत आई दाराकडे डोळे लावून बसे. एके दिवशीं ते रिकाम्या हातानें परत आले आणि आतां काम मिळावयाचें नाहीं असें मुलाला म्हणाले. विल्यम कार्नेगी हे आळशी नव्हते, व्यसनी नव्हते. आपल्या कसबांत ते कोणाला हार जाणारे नव्हते. त्यांच्या हातांतलें कसब होतें तसेंच होतें, फक्त जगाला त्याची गरज उरली नव्हती. अशा मनुष्याचा चेहरा पाहिलेलें मूल तो विसरत नाहीं. संसार सांवरला तो आईनें. तिनें घरांतच एक लहानसें दुकान मांडलें, भाजी व गोळ्या-मिठाई विकली, आणि शेवटीं अमेरिकेंतल्या बहिणीकडे जाण्याचा निर्णयहि तिनेंच घडवून आणला. माग व सामानसुमान लिलांवांत विकलें, त्याला किंमत अशी आलीच नाहीं. प्रवासखर्चाला वीस पौंड कमी पडत होते, ते आईच्या एका जुन्या मैत्रिणीनें दिले.

मे १८४८ मध्यें तीं चौघें निघालीं. धाकटा टॉम तेव्हां अवघा चार वर्षांचा होता. कोळशाच्या खाणींच्या रुळांवरून चालणाऱ्या गाडींतून खाडीकडे जात असतां बारा वर्षांचा अँड्र्यू खिडकीशीं उभा होता. घरें दिसेनाशीं झालीं, झाडें दिसेनाशीं झालीं, आणि ॲबीचा मनोरा मात्र बराच वेळ दिसत राहिला. धक्क्यावर पोंचल्यावर त्यानें लॉडरकाकांच्या गळ्याला अशी मिठी मारली कीं ती सुटेना. एका खलाशानें त्याला ओढून काढलें आणि उचलून बोटीवर ठेवलें. त्या मनोऱ्यावरचें राजाचें नांव पुढें चौदा वर्षें त्याला दिसावयाचें नव्हतें.

अमेरिकेंतल्या त्याच्या उत्कर्षाची हकीकत येथें नको. पण वडिलांचें काय झालें तें सांगितलें पाहिजे. कापडाच्या गिरणींत ते थोडे दिवस राहिले, तेथें त्यांचा जीव रमेना. पुन्हां हातमागाशीं बसले. टेबलावरच्या चादरी विणाव्या आणि दारोदार जाऊन स्वतःच विकाव्या, असा क्रम चालला. एके संध्याकाळीं तारखात्यांतल्या नोकरीच्या निमित्तानें बाहेरगांवीं गेलेल्या तरुण कार्नेगीला ओहायो नदीच्या धक्क्यावर वडील भेटले. चादरींचें गांठोडें घेऊन ते पुढच्या शहराला निघाले होते, आणि खोलीचें भाडें परवडत नाहीं म्हणून रात्रभर डेकवर उघड्यावर बसून जाणार होते. मुलाच्या मनाला फार लागलें. तुम्ही आणि आई लौकरच स्वतःच्या गाडींतून फिराल, असें तो म्हणाला. वडील अबोल व लाजाळू. मनांतली माया त्यांच्या ओठांवर सहसा येत नसे. त्यांनीं मुलाचा हात हातांत घेतला आणि मला तुझा अभिमान वाटतो एवढेंच म्हटलें. १८५५ सालीं ते वारले. गाडी यावयाच्या आधींच.

१८६२ सालीं कार्नेगी आईसह प्रथमच गांवीं परतला. परदेशांत वाढलेल्या माणसाला जो चमत्कार नेहमीं अनुभवास येतो तो त्यालाहि आला: गांव आटलें होतें! जो हाय स्ट्रीट त्याला न्यूयॉर्कच्या तोडीचा वाटे तो एखाद्या गल्लीसारखा दिसला. घरें ठेंगणीं झालीं होतीं, अंतरें आंखूड झालीं होतीं, आणि ज्या विहिरीवर रणें माजविलीं ती सुद्धां अगदींच किरकोळ निघाली. तुम्ही सगळे जेथल्या तेथें आहांत, पण आतां खेळण्यांत राहतां आहांत, अशा अर्थाचें तो काकांना बोलून गेला. एक ॲबी मात्र लहान झाली नव्हती. मनोरा होता तेवढाच उंच होता, अक्षरें होतीं तेवढींच मोठीं होतीं. आपली सर्वच आठवण खोटी नव्हती याचें त्याला किती समाधान वाटलें!

पैसा हातीं आल्यावर या आठवणी स्वस्थ बसल्या नाहींत. १८८१ सालीं डन्फर्मलिनमध्यें त्यानें दिलेल्या वाचनालयाच्या इमारतीचा पाया त्याच्या आईच्या हस्तें घातला गेला, व १८८३ सालीं तें उघडलें. जगांत पुढें त्याच्या देणगीनें सुमारें अडीच हजार वाचनालयें झालीं, त्यांतलें हें पहिलें; पण गांवाच्या हिशेबानें पाहतां पहिलें वाचनालय पांच विणकरांचेंच.

मात्र आठवणीनें सर्व ठिकाणीं राखण केली असें म्हणतां येणार नाहीं. १८९२ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतल्या होमस्टेड येथील त्याच्या पोलादाच्या कारखान्यांत कामगारांची संघटना मोडण्याचा घाट घातला गेला. भाडोत्री शस्त्रधारी आणले गेले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंचीं माणसें मेलीं. कार्नेगी त्या वेळीं स्कॉटलंडमध्यें विश्रांति घेत होता. कारभार व्यवस्थापकाच्या हातीं होता, परंतु कठोर धोरणाला धन्याची संमति आधींच मिळालेली होती. पुढें या प्रसंगानें त्याला आयुष्यभर टोंचणी लावली. तरीहि प्रश्न उरतोच. बापाचे माग एकामागून एक थांबतांना ज्यानें पाहिले, मामाच्या तुरुंगवासाचा ज्यानें जन्मभर गर्व वाहिला, त्याच्याच कारखान्याच्या फाटकाशीं हें घडावें! कबरस्तानाच्या वाटेनें जाणारा तो मुलगा त्या उन्हाळ्यांत दिव्याच्या वाटेनें गेला, असें म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं.

पिटनक्रीफच्या बाबतींत मात्र त्या मुलाचा हट्ट पुरा झाला. १९०२ च्या अखेरीस जमीनदाराच्या वंशजांकडून कार्नेगीनें ती सर्व वनराजी विकत घेतली. त्या जमिनीबरोबर ‘पिटनक्रीफचा लेअर्ड’, म्हणजे तेथील जमीनदार, ही पदवीहि त्याच्याकडे आली, आणि जगानें दिलेल्या कोणत्याहि मानापेक्षां ती त्याला अधिक गोड वाटली. १९०३ सालीं त्यानें ती जागा डन्फर्मलिनच्या लोकांना कायमची देऊन टाकली, आणि तिच्या व्यवस्थेसाठीं मोठा निधि एका विश्वस्त मंडळाकडे सोंपविला. राबणाऱ्या माणसांच्या मुलांना या गांवांत जन्मलों हें आपलें भाग्य असें वाटावें, ही त्याची इच्छा होती. हें पाहावयास वडील नव्हते. आई १८८६ सालींच गेली होती.

मूडी स्ट्रीटचें घर आतां त्याचें स्मारक म्हणून जपलेलें आहे. पिटनक्रीफमध्यें मोर मोकळे हिंडतात. कधीं कधीं ते बागेबाहेर पडून गांवच्या रस्त्यांवरहि येतात. माल्कमच्या बुरुजाचे दगड होते तेथेंच आहेत, ओढा वाहतो आहे, मुलांना खेळावयास जागा केलेली आहे, आणि आंत येणाराला त्याचें आडनांव कोणी विचारीत नाहीं.